पुढच्याची पाठ

नोव्हेंबर संपत आला की मोशीच्या नव्या रस्त्यांवर धुकं उतरायला लागतं. हे धुकं की धूर, यावर दर वर्षी सोसायट्यांच्या ग्रुपवर वाद होतो. आमच्याकडे दोन्ही असतं. चाकणकडचा कंपन्यांचा धूर आणि इंद्रायणीवरचा गारवा पहाटे कुठेतरी एकमेकांना गाठतात आणि ऊन वर येईपर्यंत सुटत नाहीत. यंदाही उतरलं. कासारवाडीहून स्कूटर काढली, भोसरी मागे टाकली, आणि हेल्मेटची काच पुसता पुसता पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, मला तळहाताएवढं गार वाटलं. या दिवसांत दर वर्षी तिथेच वाटतं. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडतो. आखडत असेल.

स्केटिंग हे माझ्या वयाच्या बाईनं करायचं काम नव्हे, हे मला शेजारणींपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. मुलीला क्लासला सोडायला जायचे. मुलगी महिन्याभरात कंटाळून सुटली आणि मी अडकले. एका रांगेत चार चाकं असलेले ते बूट पहिल्यांदा घातले तेव्हा खांब धरून उभी राहिले होते. खांब सोडला आणि वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच पाय उचलून चालत होतो.

या खेळात माणसं चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत, पाठीनं येतात. कारण लांबच्या शर्यतीत खरा शत्रू वारा असतो. जो पुढे असतो तो वारा खातो, त्याच्या पाठीशी वाकून चिकटलेल्याला निम्मे कष्ट पडतात. म्हणून सारी अक्कल एवढ्यात आली: चांगली पाठ शोधायची, आपल्या संघाची नसली तरी चालेल, आणि मिळाली की सोडायची नाही. आमची रिलेची शर्यत अर्ध्या दिवसाची असे. संघात चौघं, रस्त्यावर एका वेळी एकच. त्यानं काही फेऱ्या मारायच्या, मग येऊन पुढच्याच्या पाठीवर हात टेकवून ढकलायचं आणि आपण बाजूला व्हायचं. तेवढ्या वेळात ज्या संघाच्या फेऱ्या जास्त तो जिंकला. सांगायला सोपं आहे. कुणी कधी उतरायचं, कुणाच्या मागे लागायचं, धुक्यात कुणाला पाठवायचं आणि उन्हात कुणाला, यावर आमचा दत्ता तीन महिने डोकं खाजवत असे.

दत्ता मूळचा बीडचा. मामा इथे कंपनीत लागला, मामाच्या मागे भाऊ आला, भावाच्या मागे दत्ता. चाकणला शिफ्टमध्ये काम करायचा आणि उरलेला जीव या चाकांवर काढायचा. दुसरी धनश्री, वाकडची, आयटीतली. ती हसतसुद्धा घाईघाईनं असे. तिसरी मी. आणि चौथे किसनअण्णा.

अण्णा मोशीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. साठी कधीच ओलांडलेली, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर सोडून स्केटिंगची घट्ट काळी विजार घातली की गावातली म्हातारी माणसं तोंड फिरवायची. नातवाला शिकवायला आलेल्या मास्तरांना एक दिवस म्हणाले, “मला बी घाल एक जोडी. धावत्या बैलगाडीवर उभं राहून गेलोय मी, ह्ये काय अवघड न्हाई.” आणि खरंच अवघड गेलं नाही. वेग बेताचा, पण चाल एकसारखी. सकाळी जशी निघत तशीच दुपारी. धनश्री त्यांना चिडवायची, “अण्णा, साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुमचे फक्त पायच नाठाळ झालेत.” त्यावर ते मिशीत हसत.

आमची शर्यत आणि सरावही ज्या रस्त्यावर चाले, तो रस्ता अण्णांच्याच शेतातून जातो. शेत म्हणजे आता नाही. जमिनी गेल्या, प्लॉट पडले, आधी रस्ते झाले, दिव्याचे खांब लागले आणि इमारती मात्र अजून यायच्या आहेत. मोठं लांबोळकं वर्तुळ, गुळगुळीत, बिनरहदारीचं. आम्हाला त्याहून काय हवं? पण त्या वर्तुळाच्या लांब बाजूला, दोन खांबांच्या मधे, एक जागा होती. तिथे आलं की अण्णा वळसा घ्यायचे. सगळे सरळ जात, अण्णा एकटे रस्त्याच्या कडेला जाऊन परत आत येत. रस्त्यावर काही नव्हतं. डागसुद्धा नाही.

एका सकाळी मी विचारलं. अण्णा बूट काढत म्हणाले, “हितं आमची हीर हुती, पोरी.”

विहीर बुजवून वरून रस्ता गेला होता. तिच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्याच्या मालकिणी, एका रांगेत राहणाऱ्या सात बहिणी, ज्यांचा मान राखला तर पाणी टिकतं आणि नाही राखला तर त्या माणसाला आपल्या मागं नेतात, असं या बाजूला मानतात. अण्णांची आई दर अमावास्येला त्यांना हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवायची. मुरूम टाकायला डंपर आले तेव्हा ते सात दगडही मुरुमाबरोबर आत गेले. म्हातारी रडली नाही. तिनं मुलाचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, “पाणी झाकल्यानं आटत न्हाई. त्याच्यावर पाय देऊ नगंस.” अण्णांनी शब्द दिला. त्याच साली ती गेली.

आमच्या घरात देवही नव्हते आणि भुतंही नव्हती. आजोबांनी दोन्हींना एकदमच उंबऱ्याबाहेर काढलं होतं आणि वडिलांनी कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहताना ती बाहेरच राहतील याची काळजी घेतली. मी स्वतः पार्ट तपासण्याच्या खात्यात काम करते. मोजता येत नाही ते नाही, यावर माझा पगार चालतो. तरी मी अण्णांना हसले नाही. आईला दिलेल्या शब्दाला हसायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ही गोष्ट घडली त्या हिवाळ्याची आठवण आली की मला आधी वास येतो. ओल्या डांबराचा, बेअरिंगच्या तेलाचा आणि टपरीवरच्या आल्याच्या चहाचा. मग आवाज. धुक्यात चाकांचा आवाज आधी येतो, माणूस नंतर. लांबून आधी शिळेवर सुरी फिरवल्यासारखी सळसळ, मग श्वास, मग एकदम अंगावर वाकलेली आकृती, आणि लगेच फक्त तिची पाठ. आम्ही आवाजावरून सांगायचो किती जण येताहेत. क्वचितच चुकायचो.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात टपरीवर बसून दत्तानं डाव मांडला. धुकं असताना बाकीचे संघ घाबरून हळू जाणार. अण्णांना तो रस्ता डोळे मिटूनही येतो. म्हणजे दाट धुक्याच्या फेऱ्या अण्णांच्या, आणि त्यात आपण पुढे निघायचं. डाव झकास होता, एक गोष्ट सोडून.

“अण्णा, तुम्ही तिथं वळायलात ना,” दत्ता म्हणाला, “तेवढ्यात पुढची पाठ सुटायलीय. एकदा सुटली की गेली. मग सगळा वारा छातीवर.”

“लागू दे. वाऱ्यानं कोन मेलंय?”

“अहो विहीर ऱ्हायली कुठं आता? खाली मुरूम आहे.”

“मुरूम वरनं टाकला,” अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. “खालचं कुनी काढलं व्हय?”

धनश्रीनं मधला मार्ग काढून पाहिला, अण्णांना उन्हात पाठवू म्हणाली. दत्ता ऐकेना. तीन वर्षं तो पोडियमच्या खाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या वर्षी त्याला वर चढायचं होतं. बीडच्या घरी एक फोटो पाठवायचा होता, आणि ते त्यानं आम्हाला सरळ सांगितलंही होतं. त्यात गैर काय होतं? मी दोघांकडे पाहत राहिले. एकीकडे फोटो, एकीकडे शब्द. कुठल्याही बाजूला मान डोलवायला मला जमलं नाही.

घोडामैदान जवळ आलं. शर्यतीच्या सकाळी इतकं धुकं होतं की उजाडल्याचं कळलंच नाही, फक्त काळ्याचं राखाडी झालं. दत्ता पहिला गेला, मग धनश्री. अण्णांची पाळी आली तेव्हा दत्ता त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांच्या बुटाचे बंद आवळू लागला. मान वर न करता म्हणाला, “अण्णा, आजच्या दिवस सरळ जा. माझ्यासाठी.”

अण्णा समोरच्या धुक्याकडे बघत होते. मग त्यांनी दत्ताच्या डोक्यावर हात ठेवला.

“तू म्हनतूस तर जातो. पर मागनं इचारू नगंस.”

ते गेले. एक फेरी झाली, आम्ही त्यांचा आवाज ओळखला, एकटेच होते. पुढची फेरी त्यांनी इतक्या लवकर पूर्ण केली की दत्ता उडालाच. त्याच्या पुढची त्याहून लवकर. अण्णा त्या वेगानं कधी गेले नव्हते, त्या वयाचं कुणी जाईल असंही वाटत नव्हतं. आम्हाला दिसायचं काही नाही, रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं सळसळ जायची आणि विरायची. दत्ता पुटपुटला, “पाठ घावली अण्णाला. मस्त पाठ घावली.” आणि आवाजही तसाच होता. एकाचा नव्हता. बरीच चाकं एका लयीत फिरत होती.

मग माझी पाळी. मी जागेवर जाऊन उभी राहिले, गुडघे वाकवून, तोंड पुढे. आमच्या संघाचा नियम होता, घेणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नाही. वळलं की खांदा उघडतो आणि ढकललेलं बळ वाया जातं. म्हणून मी ऐकत उभी राहिले. चाकं जवळ आली. पाच? सहा? मला वाटलं अण्णा मोठ्या घोळक्यात आहेत, आता तो घोळका माझ्या अंगावरून पुढे जाईल आणि मी त्यातली एक पाठ धरीन. हात टेकला. डाव्या खांद्याच्या खाली. ओला होता. नुकती पाण्यात बुडवलेली घागर पाठीला लागावी तसा जर्सीतून थेट हाडात गेला. मी निघाले. आणि तो घोळका मात्र माझ्या बाजूनं पुढे गेला नाही. कुणीच गेलं नाही. मागची सगळी चाकं हात टेकताच थांबली होती.

यावर विचार करायला वेळ नव्हता. वळणाच्या पुढे मला पाठी दिसल्या.

खाली वाकलेल्या, एकामागे एक, गडद. सगळ्यात मागची तेवढी नीट दिसत होती, पुढच्या धुक्यात अस्पष्ट होत गेलेल्या. शिकले होते तशी मी जाऊन चिकटले. आणि वारा थांबला. थांबला म्हणजे पूर्णच. पायांना काही करावंच लागेना. अशी सोपी फेरी मी त्याआधी मारली नव्हती आणि नंतरही नाही. मला बरं वाटत होतं, हे सांगायला हवं. भीती वाटत नव्हती. डोळे मिटून असंच जात राहावं, असं वाटत होतं.

पण पार्ट तपासणाऱ्या बाईचे डोळे मिटत नाहीत. स्केटिंग करणाऱ्याची पाठ डोलते. उजवा पाय टाकला की उजवीकडे, डावा टाकला की डावीकडे, कितीही चांगला खेळाडू असो, डोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्या पाठी डोलत नव्हत्या. सरळ जात होत्या, पाण्यावरून काही वाहत जावं तशा. आणि ऐकू येत होती ती फक्त माझी चाकं.

तेवढ्यात उजवीकडे पहिला खांब दिसला. म्हणजे दोन खांबांच्या मधली जागा आली होती. पाठी सरळ निघाल्या होत्या. माझ्या चाकांखालचा आवाज बदलला, पोकळ झाला, रांजणावर टिचकी मारावी तसा. मी वळले. का वळले ते मला माहीत नाही. आजोबा असते तर त्यांना काय उत्तर दिलं असतं तेही माहीत नाही. पायांनी आपोआप अण्णांचा वळसा घेतला, त्यांच्या मागे राहून इतके महिने पाहिलेला. वारा धाडकन छातीवर आला. परत रस्त्यात आले तेव्हा समोर कुणी नव्हतं. धुकं होतं आणि मोकळा रस्ता होता.

पुढच्या वळणावर कानटोपी घातलेला स्वयंसेवक शिट्टी गळ्यात घालून उभा होता. वेग कमी करून मी विचारलं, आत्ता इथून कोणता संघ गेला?

“कुणीच नाही मॅडम,” तो म्हणाला. “बराच वेळ झाला. तुम्हीच आलात.”

आम्ही तिसरे आलो. ते अण्णांच्या फेऱ्यांमुळे, यात वाद नाही. दत्ता पोडियमवर चढला, फोटो निघाला, तो बीडला पोचलाही असेल. धनश्री अण्णांना शोधत होती. ते रस्त्याच्या कडेला बसून बाटलीतल्या पाण्यानं पायाचे तळवे धूत होते. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“तुला दिसल्या?”

‘कोण’ असं मी विचारलं नाही. मान हलवली.

“वळलीस न्हवं?”

“हो.”

“ब्येस केलंस.” बाटली रिकामी झाली तरी ते तळवे चोळत राहिले. “म्या न्हाई वळलो. लई सोपं वाटत हुतं, पोरी. आयचा शबुद मोडतोय ह्ये बी याद न्हाई ऱ्हायलं.”

दत्तानं स्वतःचं मेडल आणून त्यांच्या गळ्यात घातलं. अण्णांनी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मेडल मला दोन खांबांच्या मधे रस्त्याच्या कडेला दिसलं, केळीच्या पानावर, दहीभाताच्या शेजारी. शेजारी हिरव्या बांगड्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिथे काही नव्हतं. कुणी उचलून नेलं असेल, मेडल चकचकीत होतं.

अण्णांनी पुन्हा बूट घातले नाहीत. विचारलं की गुडघे दाखवतात. दत्ता मात्र मनातून खचला. “मी सांगायलाच नव्हतं पाहिजे, ताई,” असं तो एकदा टपरीवर म्हणाला आणि मग तो विषय त्यानं कधी काढला नाही. अण्णांचा शब्द पाळला त्यानं, मागनं इचारू नगंस म्हटलं होतं ना त्यांनी. एवढं खरं की अण्णांच्या घरी गेलं आणि त्यांच्या हातून चहाचा कप घेतला की कपाचा कान ओला लागतो. देण्याआधी ते हात धोतराला पुसतात. दर वेळी पुसतात.

मी कितीतरी दिवस तो रस्ता खचायची वाट पाहिली. खचला असता तर बरं झालं असतं. भराव कच्चा होता, पोकळी होती, म्हणून आवाज आला, असं म्हणून मी मोकळी झाले असते. दोन पावसाळे जोरदार झाले. शहरात ठिकठिकाणी खड्डे पडले, वर्तमानपत्रांत फोटो आले. तो रस्ता तिथे जसाच्या तसा आहे. एका दुपारी मी गुडघ्यावर बसून दगडानं ठोकूनही पाहिला. सगळीकडे सारखाच वाजला.

कधी कधी वाटतं, हे सगळं गावच पाठी धरून झालेलं आहे. आजोबा कुणाच्या तरी मागे आले, दत्ता मामाच्या मागे, धनश्रीचे आईवडील आणखी कुणाच्या. पहिला कोण आला, त्याला काय दिसलं म्हणून तो आला, हे कुणी विचारत नाही. पुढे पाठ आहे ना, मग वारा लागत नाही. एवढ्यावर आपण आयुष्य काढतो.

यंदा धुकं उतरलं त्या सकाळी अण्णा आले होते. नातवानं मोटारसायकलवरून आणलं. मफलर गुंडाळून ते टपरीच्या बाकावर बसले आणि मी बूट घालता घालता त्यांच्याशी बोलत होते. सराव सुरू झाला होता. आता संघ पुष्कळ झालेत, नवी मुलं आहेत, वाकडची, हिंजवडीची, काही तर मराठी न समजणारी. धुक्यातून एक रांग आली. दोन खांबांच्या मधे येताच सगळ्यात पुढचा वळला, त्याच्या मागचा वळला, शेवटच्यापर्यंत एकेक जण कडेनं वळसा घेऊन आत आला आणि रांग निघून गेली. मग दुसरी रांग आली. तिनंही तसंच केलं. दत्तासुद्धा वळला. त्याला विचारलं तर म्हणतो, रस्त्याला तिथं उतार आहे.

अण्णांच्या हातातला कप तसाच राहिला होता.

“ह्या पोरान्ला कुनी सांगितलं?”

“कुणी नाही, अण्णा,” मी म्हटलं. “त्यांना माहीतही नाही. पुढच्याची पाठ बघून वळतात.”

त्यांचे डोळे भरून आले. बोटांनी त्यांनी कपाचा कान पुसला. आईला दिलेला शब्द त्यांनी मोडला होता आणि तो आता ही अनोळखी मुलं रोज सकाळी पाळत होती. मला वाटलं, ते हसतील. तेवढ्यात वर्तुळाच्या लांबच्या बाजूनं आणखी एक सळसळ यायला लागली. ही रांग मोठी असावी. अण्णांनी मान तिरकी करून ऐकलं. मीही ऐकलं. माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, गार झालं.

“पोरी,” अण्णा हळूच म्हणाले, “समदी पुढच्याच्या मागं जात्यात, ह्ये खरं. पर सगळ्यात पुढं कोन हाय?”